'सगळे सारखेच' म्हणण्याआधी फटीगचं रजिस्टर बघा

प्रश्न असा आला आहे : "मी ३१ वर्षांचा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखेत कृषी अधिकारी. टेरिटोरियल आर्मीत लेफ्टनंट होऊन दीड वर्ष झालं. पुढच्या वार्षिक कॅम्पात मला जवानांसमोर 'विविधता आणि सर्वसमावेशकता' या विषयावर तासभर बोलायचं आहे. आमचे सुभेदार साहेब म्हणतात, 'वर्दी घातली की सगळे सारखेच, हे नवीन काय काढलंय?' खरं सांगायचं तर मलाही त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. राखीव दलात या गोष्टीचा काही उपयोग आहे का? आणि पॉवरपॉइंट सोडून मी नेमकं काय करू?"

तुमचे सुभेदार साहेब निम्मे बरोबर आहेत. उरलेल्या निम्म्यात तुमचं काम आहे.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. गारगोटीकडं एका ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवायचो आणि २३ वर्षं टीएचा, म्हणजे टेरिटोरियल आर्मीचा, अधिकारी होतो. मेजर म्हणून बाहेर पडलो. एकाहून जास्त पलटणींत काम झालं. टीएची पलटण म्हटलं की कोल्हापूरकराला टेंबलाई टेकडीवरची १०९ इन्फंट्री बटालियन आठवते, पण खाली ज्या चुका सांगणार आहे त्या कुठल्या पलटणीतल्या हे मी सांगणार नाही. त्यातल्या बऱ्याचशा माझ्याच आहेत.

रेग्युलर फौजेत पोरगं कोवळ्या वयात सेंटरला जातं. चंदगडचं पोरगं बेळगावला मराठा सेंटरमध्ये गेलं की महिनोन्‌महिने रगडा खातं, आणि मग पलटण हेच त्याचं गाव होतं. अंगावरची गावकी हळूहळू झडते. जिथं झडत नाही तिथं निदान झाकली जाते. टीएचं तसं नाही. १९४८ च्या कायद्यानं हे दल उभं राहिलं, ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून मूळ कल्पना एकच आहे : माणूस आपल्या पोटापाण्याच्या धंद्यात राहील आणि वर्षातून थोडा काळ सैनिक होईल. भरतीचं वय १८ ते ४२. त्यामुळे एकाच सेक्शनमध्ये काल बारावी झालेला पोरगा असतो आणि ज्याची पोरगी बारावीला आहे असा बापही असतो. कॅम्प संपला की जवान वर्दी ट्रंकेत घालतो आणि त्याच आळीत, त्याच भावकीत, त्याच बांधाच्या भांडणात परत जातो. गावकी झडायला वेळच मिळत नाही. पुढच्या वर्षी तो ती ताजी करून घेऊन येतो.

(पलटण एम्बॉडी होऊन, म्हणजे पूर्णवेळ सेवेवर बोलावली जाऊन, दोन-तीन वर्षं काश्मीरला गेली की गोष्ट बदलते, हे मान्य. तिथं ती रेग्युलरसारखीच होते. पण तुमचा प्रश्न वार्षिक कॅम्पाचा आहे.)

म्हणून "वर्दी घातली की सगळे सारखे" हे टीएत आपोआप होत नाही, दरवर्षी नव्यानं करावं लागतं.

माझ्या तिसऱ्या कॅम्पातली गोष्ट सांगतो. सीएचएम, म्हणजे कंपनी हवालदार मेजर, रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या फटीगची यादी आणायचा आणि मी सही करायचो. फटीग म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो : गवत काढणं, राशनची गाडी उतरवणं, भांडी, आणि लॅट्रिनची सफाई. एक जवान होता, जीडी म्हणजे जनरल ड्यूटीवर भरती झालेला. फायरिंगला कंपनीत पहिल्या पाचात. तो एक दिवस समोर येऊन सावधानमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मला कुठल्या तरी कोर्सला पाठवा, न्हाईतर घरी सोडा." कारण विचारलं तर गप्प. मी चिडलो, चांगला नेमबाज हातचा जातोय म्हणून. रात्री मास्तरकीच्या सवयीनं जुने कागद काढून बसलो. २१ दिवसांच्या २१ याद्या. लॅट्रिनच्या फटीगवर हा ९ वेळा, आणि त्याच्यासोबत आलटून पालटून आणखी दोघं. तिघांची आडनावं एकाखाली एक लिहिल्यावर मला ते दिसलं. त्याआधी तीन आठवडे रोज डोळ्यांखालून जात होतं, तरी दिसलं नव्हतं.

सीएचएम वाईट माणूस नव्हता. त्याला विचारलं असतं तर त्यानं देवाची शपथ घेऊन सांगितलं असतं की मी जातपात मानत नाही, आणि ते त्याला खरंच वाटत होतं. घाईत यादी करताना हात जिकडं सहज वळतो तिकडं त्याचा वळला, एवढंच. त्या २१ याद्यांखाली सही मात्र माझी होती.

मी भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून फटीगची पाळी आर्मी नंबरच्या क्रमानं लावली आणि यादीत आडनाव लिहिणं बंद केलं. पहिल्याच आठवड्यात एक लान्स नायक तक्रार घेऊन आला. काम करायला त्याची ना नव्हती, पण म्हणाला, "साहेब, माझ्या गावची तीन पोरं या कंपनीत हायत. घरी कळलं तर?" हे वाक्य नीट ऐका. रेग्युलर फौजेत हे वाक्य ऐकायला येणार नाही, कारण तिथं गाव लांब असतं. टीएत गाव बॅरेकमध्येच असतं, शेजारच्या चारपाईवर. मी त्याला म्हटलं, त्या तिघांचीही पाळी याच आठवड्यात आहे, कळवायचं असेल तर चौघांनी मिळून एकच पत्र लिहा. तो हसला नाही. पण सफाईला गेला.

ट्रेड्समनचा प्रश्न याहून नाजूक. स्वयंपाकी, धोबी, न्हावी, सफाईवाला ही नावं आता बदलून शेफ, वॉशरमन, हेअर ड्रेसर, हाऊसकीपर अशी झाली आहेत. नाव बदललं हे बरंच झालं. भरतीत या जागांना जात नसते, परीक्षा असते. माझ्याकडं एक पोरगा होता, जीडीची जागा थोडक्यात हुकली म्हणून हाऊसकीपरला लागलेला. घरात चार एकर ऊस, वडील सोसायटीचे संचालक. बापानं गावात पोरगा 'क्लार्क' आहे असं सांगून ठेवलेलं. कॅम्प पाहायला कुटुंबं आली त्या दिवशी हा पोरगा सकाळपासून स्टोअरमध्ये लपून बसला. मी काही करू शकलो नाही, खरंच. एवढंच केलं की पुढच्या वर्षीपासून रेंजवर सगळ्या ट्रेड्समनना पूर्ण फायरिंग लावली. आधी ते वेळ उरला तर व्हायचं. तसेही ते सैनिकच आहेत. पिकेटवर गोळी सुटली तर ती ट्रेड विचारून येत नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांशिवाय भाषण सुरू होत नाही. तुम्हीही त्यांचं नाव घ्यालच, म्हणून सांगतो. २६ जुलै १९०२ ही त्यांच्या आरक्षणाच्या हुकमाची तारीख सगळ्यांना पाठ असते. जवानांना ती सांगू नका, त्यांनी ती शाळेत ऐकली आहे. भाऊसिंगजी रोडवरच्या गंगाराम कांबळेंच्या, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या माणसाच्या, चहाच्या दुकानाची गोष्ट सांगा. हुकूम काढणं राजाला सोपं असतं. महाराज तिथं थांबून सगळ्यांदेखत चहा प्यायचे, आणि मग बरोबरच्या बड्या मंडळींनाही कप हातात घ्यावा लागायचा. कंपनी कमांडर रोज कुठं चहा पितो, कुणाच्या हातचा पितो, हे शंभर डोळे बघत असतात. दुसरी गोष्ट बोर्डिंगांची. महाराजांनी मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशी वेगवेगळी वसतिगृहं निघू दिली, त्यांना जागा आणि पैसा दिला. आज कुणी विचारेल की जातवार कशाला? त्या काळात पोराला आधी शहरात आणून दोन वेळा जेवू घालायचं होतं. एका पंगतीचा आग्रह धरला असता तर निम्मी पोरं गावीच राहिली असती. आधी दार उघडायचं, मग पंगत एक करायची, असा तो क्रम होता.

फौजेतही दार बंद असण्याचा इतिहास फार लांबचा नाही. ब्रिटिशांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा त्यांचा सिद्धांत होता. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. पुन्हा १९४१ मध्ये, पुढचं महायुद्ध चालू असताना, इथून शंभरेक किलोमीटरवर बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आज त्या रेजिमेंटमध्ये देशभरातल्या सगळ्या समाजांचे जवान आहेत. सुभेदार साहेबांना एवढं दाखवा : "सगळे सारखे" हे फौजेत पहिल्यापासून नव्हतं. कुणीतरी अर्ज केले, भांडले, म्हणून आलं.

हा झाला अन्याय टाळण्याचा भाग. पण तुम्ही उपयोग विचारलात. तो जवानाच्या उरलेल्या दहा महिन्यांत आहे.

नॉमिनल रोलमध्ये, म्हणजे जवानांच्या नावांच्या यादीत, नागरी व्यवसायाची माहिती असते. माझ्या कंपनीत त्या रकान्यात निम्म्या लोकांपुढे 'शेती' आणि उरलेल्यांपुढे 'खाजगी नोकरी' लिहिलं होतं. मी एक वही केली आणि एकेकाला बसवून विचारलं. शेतीवाल्यांत एक बोअरच्या मोटारी काढणारा निघाला, एक जनावरांना कृत्रिम रेतन करणारा. खाजगी नोकरीवाल्यांत शिरोली एमआयडीसीतला मोल्डर, जेसीबीवाला, हुपरीचा चांदीचं बारीक काम करणारा. हुपरीच्या त्या पोराच्या बोटांनी रेडिओ सेटचा हेडसेट असा जोडला की सिग्नलवाले बघत राहिले. रेग्युलर पलटणीत हे सगळे धंदे एका छताखाली गोळा व्हायचे नाहीत. टीएत ते आयते येतात, आणि आपण त्यांना दोन महिने फक्त डावीकडं-उजवीकडं वळवतो.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी दोन्ही ओलांडून कितीतरी वर गेलं. महामार्ग बंद, चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावं पाण्यात. शिरोळकडच्या एका वस्तीत आमची बोट गेली तर एक आजी माळ्यावरून उतरेनात. बोलत होत्या कानडीत, आणि आमच्या बोटीवरचा नायक हिंदी-मराठीत ओरडत होता. बोटीत एक जवान होता, सीमेकडच्या गावातला. त्याचं कानडी वळणाचं मराठी ऐकून कॅम्पात सगळे त्याची नक्कल करायचे, 'आप्पा' म्हणायचे. त्यामुळे तो वायरलेसवर कधी बोलायचाच नाही, सेट दुसऱ्याच्या हातात द्यायचा. त्या दिवशी तो आजींशी पाच मिनिटं बोलला. त्यांची म्हैस दावणीला बांधलेली राहिली होती, भीती पाण्याची नव्हती, म्हशीची होती. त्यानं पोहत जाऊन दावं कापलं, म्हैस उंचवट्याकडं हाकलली, मग आजी बोटीत बसल्या. त्यानंतर त्याची नक्कल थांबली का? पूर्ण नाही. पण पुढच्या कॅम्पात सेट त्याच्याकडं होता आणि तो कुणाला देत नव्हता.

मला यातून कळलं ते एवढंच की थट्टेनं आपण त्या कंपनीचा एक वायरलेस ऑपरेटर वर्षभर बंद ठेवला होता. चंदगडी बोली, कोकणपट्टीचा सूर, महाराष्ट्राबाहेरून आलेल्या पोरांचं मराठी, या सगळ्यांचं तेच. थट्टा पूर्ण थांबवायला जाऊ नका, बॅरेकमध्ये थट्टा नसेल तर माणसं सुकतात. फुटबॉलच्या दोन तालमींची पोरं एका सेक्शनमध्ये आली की शाहू स्टेडियमवरचा हिशेब ती बॅरेकमध्ये चुकता करणारच. फक्त हे बघा की थट्टेनंतर माणूस बोलायचा थांबला का. थांबला असेल तर ती थट्टा उरली नाही.

कोल्हापूरचं उदाहरण फार घरगुती वाटत असेल तर काश्मीरचं घ्या. तिथं टीएच्या 'होम अँड हर्थ' पलटणी स्थानिक पोरांच्याच आहेत. लान्स नायक नझीर अहमद वानी १६२ इन्फंट्री बटालियन टीएचे. एकेकाळी दहशतवाद्यांच्या बाजूला होते, परत आले, वर्दी घातली, दोनदा सेना पदक मिळवलं आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये शोपियांमध्ये लढताना गेले. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. तो मुलूख, ती भाषा, तिथल्या वाटा त्यांना ठाऊक होत्या. भूतकाळ बघून त्यांना दारातच अडवलं असतं तर? हे मात्र दरबारात, म्हणजे सगळ्या जवानांच्या सभेत, नक्की सांगा, पाच मिनिटं पिनड्रॉप शांतता मिळेल.

लंगरबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना सुचतं. बडाखान्याला तांबडा-पांढरा झाला की शाकाहारी जवानापुढं पातळ डाळ येते, आणि तो जैन किंवा लिंगायत पोरगा "चालतंय साहेब" म्हणतो. आमच्या शेफनं एकदा मनावर घेऊन अख्खा मसूर केला, तर मटणवाल्यांनीच निम्मा संपवला. पळ्या वेगळ्या ठेवा. रमजान कॅम्पात आला तर सहरीचं जेवण रात्रीच्या गार्डच्या चहाबरोबर बांधून टाका, म्हणजे ती कुणावर मेहेरबानी होत नाही. आणि रोजा धरलेल्याला विचारल्याशिवाय दुपारच्या रगड्यातून वगळू नका. आमच्याकडच्या एकाला त्याचाच राग आला होता.

ज्याकडं कुणाचंच लक्ष नसतं तो भेद जातीचा नाही, धर्माचाही नाही. तो आहे पगारी नोकरीवाला आणि हातावर पोट असलेला यांच्यातला. सरकारी नोकरीतला जवान कॅम्पाला येतो तेव्हा त्याची नोकरी जागेवर असते. छोट्या वर्कशॉपमधल्या पोराला मालक सांगतो, "जा की, पण परत येऊ नको." परत कामावर घेण्याची तरतूद कायद्यात आहे, हे ना मालकाला माहीत असतं ना पोराला. कंपनी कमांडरच्या सहीचं एक साधं मराठी पत्र मालकाच्या हातात पडलं की दहातली सात प्रकरणं मिटतात, हा माझा अनुभव. शेतकऱ्याचं दुखणं वेगळं. कॅम्प गळीत हंगामात आला आणि उसाची तोड नेमकी तेव्हाच मिळाली, तर घरी बायको एकटी तोडीवाल्यांशी, ट्रॅक्टरवाल्याशी, कारखान्याच्या स्लिपबॉयशी भांडत असते आणि हा इकडं रेंजवर निशाणा चुकवतो. सुट्टी द्यायचे नियम सगळ्यांना एकच असतात, त्यामुळे वरून सगळं समान दिसतं. तुम्ही कृषी अधिकारी आहात, कुणाचा ऊस कुठल्या कारखान्याला आणि नोंद कधीची, हे विचारायला तुम्हाला शिकवावं लागणार नाही. पहिल्या आठवड्यात ते लिहून घ्या आणि रजेचा तक्ता त्यावर बसवा.

स्त्रियांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तासभर बोलताना कुणीतरी विचारेल. जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल दिला की टीएच्या कायद्यातल्या 'कोणतीही व्यक्ती' या शब्दांत स्त्रियाही येतात. पर्यावरण रक्षणाच्या इको पलटणींत वनखात्यात काम केलेल्या स्त्रियांना त्याआधीपासून जागा होती. माझ्या हाताखाली पायदळात एकही स्त्री नव्हती, त्यामुळे त्यावर मी तुम्हाला अनुभवाचं काही सांगू शकत नाही. उगाच सांगणार नाही.

तुमची स्वतःची एक अडचण आहे, ती तुम्हाला अजून दिसली नसावी. तुमच्या कंपनीतला एखादा नायक कॅम्प संपल्यावर पीककर्जासाठी तुमच्याच शाखेत येईल. इथं तो तुम्हाला सॅल्यूट करतो, तिथं फाईल घेऊन बाकावर बसतो. त्याला रांगेत पुढं घेऊ नका आणि ओळख नसल्यासारखंही करू नका. माझ्या कॉलेजात माझ्याच एका हवालदाराचा मुलगा शिकत होता. त्याला मराठीत नापास करताना मला जे वाटलं ते मी अजून विसरलो नाही. हवालदार पुढच्या कॅम्पात नेहमीसारखाच वागला. मीच अवघडलेला होतो.

आता सुभेदार साहेब. त्यांना पटवायला जाऊ नका. त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त बॅरेका पाहिल्या आहेत, आणि "सगळे सारखेच" हे ते मनापासून म्हणतात. व्याख्यानाआधी त्यांना घेऊन मागच्या तीन कॅम्पांची फटीगची रजिस्टरं उघडून बसा. तुम्ही काही बोलू नका, नावं त्यांनाच मोठ्यानं वाचू द्या. सगळी पानं सरळ निघाली तर मीही तुमच्याबरोबर त्यांना सलाम करतो, आणि मग तुमचं व्याख्यान पंधरा मिनिटांत आटपा, जवानांना त्याचा आनंदच होईल. सरळ निघाली नाहीत तर पॉवरपॉइंट करायची गरजच उरणार नाही. त्या दिवशी संध्याकाळी रोल कॉलला काय बोलायचं ते साहेब स्वतःच ठरवतील, आणि तुमच्यापेक्षा चांगलं बोलतील.

एक व्यवहाराची गोष्ट : जुनी रजिस्टरं कंपनी ऑफिसच्या कपाटात शोधू नका, तिथं नसतात. सीएचएमच्या ट्रंकेत तळाशी असतात. मागायला जाताना चहा सांगूनच जा, नाहीतर दोन दिवस किल्ली सापडत नाही.